फुटक्या दगडापाशी ड

दिवा जरा तुमच्याकडे ओढून घ्या. आमच्या गल्लीत वीज गेली की तासभर तरी तोंड दाखवत नाही, आणि तुम्हाला टिपून घ्यायचंय, तेव्हा उजेड तुमच्या वहीवर पडलेला बरा. माझ्या तोंडावर नाही पडला तरी चालेल. जे सांगणार आहे ते सांगताना मला कुणी नीट पाहू नये असंच वाटतं.

तुमच्या प्रकाशनाची तीन पत्रं आली. तिसरी आवृत्ती निघतेय, प्रस्तावनेची दोन पानं पाठवा. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही, म्हणून शेवटी तुम्हाला एवढे जिने चढून यावं लागलं. मला लिहायचा कंटाळा आहे असं समजू नका. लिहून पाहिलंय. म्हणूनच आता तोंडी सांगतो, आणि तुम्ही तुमच्या हातानं उतरवून घ्या. असं का, ते शेवटाला कळेल.

पुस्तक तुम्ही पाहिलंच आहे. खिशात मावणारं, अठ्ठेचाळीस खिंडींचं. बाईक कुठवर जाते, पुढे पायी किती, पाणी कुठे, सावली कुठे. मी नकाशे काढणाऱ्या कचेरीत होतो. आठवडाभर दुसऱ्यांनी मोजलेले डोंगर कागदावर उतरवायचे आणि सुट्टी आली की बाईकला किक मारून खरे डोंगर बघायला पळायचं. बायको म्हणायची, "घरातला जिना चढताना गुडघे दुखतात, खिंड दिसली की लगेच बरे होतात." तिचं खरं होतं. आयुष्यात दुसरं काही धड केलं नाही, पण वाटा नीट लिहिल्या. निदान लोक तसं म्हणायचे, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

खिशात मावायचं म्हणजे शब्दांना कात्री लावायची. 'डाव्या हाताला' असं दर वेळी लिहिलं तर पानं वाढतात, म्हणून मी डाव्यासाठी नुसतं 'ड' आणि उजव्यासाठी 'उ' ठेवलं. ओढ्यानंतर उ. पडक्या भिंतीपाशी ड. पहिल्याच पानावर तसा खुलासा होता. दुसरा नियम असा, की प्रत्येक खिंड शहराच्या बाजूनं चढायची आणि पलीकडे उतरायची, आणि त्याच क्रमानं लिहायची. सत्तेचाळीस खिंडी मी तशाच चाललो. एक तेवढी उलटी चाललो.

झालं काय, की माझा मेहुणा कामासाठी डोंगरापलीकडे निघाला होता. "बस मागे, पायथ्याला सोडतो," म्हणाला. मी बसलो. पलीकडून चढलो, अलीकडे उतरलो आणि वहीत सगळं उलट्या क्रमानं टिपलं. घरी बसून उलटवायचं, त्यात काय मोठंसं, असं वाटलं. उलटवताना मी खुर्ची फिरवून टेबलाकडे पाठ करायचो, डोळे मिटून ती वाट उलटी चालायचो, आणि एकेका ड चा उ आणि उ चा ड करत जायचो. निम्मं झाल्यावर बायकोनं हाक मारली. स्वयंपाकघरातला बल्ब गेला होता. मी उठलो, स्टुलावर चढून तो बदलला, दोन शब्द बोललो आणि परत येऊन बसलो. बसताना सवयीनं खुर्ची सरळ केली. पुढची ओळ फुटक्या दगडाची होती. वहीत ड होता, मी कागदावर ड उतरवला. महत्त्वाची जागा म्हणून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या, आणि पुढच्या ओळीला खुर्ची परत फिरवली.

हे एक वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. माझ्या कागदावर ड होता. लिहिलंत? बरं.

आता ती जागा सांगतो. खिंडीच्या माथ्यावरून पलीकडे पंधरा मिनिटं उतरलं की मधोमध चिरलेला एक दगड लागतो, माणसाच्या दुप्पट उंच. तिथं वाटेला दोन फाटे फुटतात. उजवी वाट अरुंद, झुडपांतून जाते आणि गावाला लागते. डावी रुंद आहे, गवताची, इतकी सपाट की सायकलवर बसायचा मोह व्हावा. ती दोनशे पावलांवर संपते. पुढे जमीनच नाही.

छापखाना तेव्हा खिळ्यांचा होता. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून जुळवायचं, ओळ करायची, पान बांधायचं आणि यंत्रावर चढवायचं. माझं पुस्तक जुळवणाऱ्या कंपोझिटरला तिथं सगळे खिळेबुवा म्हणायचे. चाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचून त्यांना सुलटा कागद वाचायला वेळ लागतो, अशी चेष्टा चालायची. ते हसायचे. यंत्रांच्या धडधडाटानं कानांनी थोडं कमी ऐकू यायचं, त्यामुळे निम्म्या चेष्टा त्यांच्यापर्यंत पोचतच नसत.

त्यांची एकच मुलगी. दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि सुट्टीला सायकल घेऊन डोंगरात जायची. चढावर ढकलायची, उतारावर बसायची. पुस्तक छापून झालं त्याच दिवशी ती माझी सही घ्यायला छापखान्यात आली. तिच्या सायकलचं मागचं चाक ढकलताना मोठ्यानं वाजायचं, कट कट कट कट. अंगणापासून ऐकू यायचं. खिळेबुवा म्हणाले, "दुरुस्त नाही करू देत मी. एवढा एकच आवाज मला दुरून कळतो."

मुलीनं पुस्तक पुढे केलं. "काका, हे सगळं तुम्ही स्वतः चाललात?"

"पाऊल न पाऊल," मी म्हणालो.

"मग मी डोळे झाकून जाईन," ती म्हणाली, आणि बापाकडे बघून हसली.

चार महिन्यांनी ती फुटक्या दगडापाशी पोचली. दाट धुकं होतं. दोन दिवसांनी ती कड्याखाली सापडली. पुस्तक जाकिटाच्या खिशात होतं, नेमक्या पानाशी दुमडलेलं. सायकल कड्याच्या निम्म्यावर एका झुडपात उलटी अडकली होती. ती खाली आणायला कुणाला जमलं नाही, तिथंच राहिली.

बातमी कळली त्या संध्याकाळी मी वही काढली, हस्तलिखित काढलं, शेजारी शेजारी ठेवलं आणि खुर्ची फिरवून बसलो. चूक शोधायला मिनिटभरही लागलं नाही. बायको विचारत होती, "अहो, पाणी देऊ का? पांढरे का पडलात?" मी तिलाही सांगितलं नाही. पुढे ती गेली तेव्हाही तिला हे माहीत नव्हतं.

छापखान्याच्या मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांची खोली छोटी होती, टेबलावर प्रुफांचे गठ्ठे, भिंतीला शाईचे हात लागलेले. खिळेबुवा उभेच होते. अजून महिनाही झाला नव्हता. मालकांनी मला हळूच विचारलं, "तुमच्या कागदात काय होतं?"

मी काय बोलणार ते मलाही ठाऊक नव्हतं. आणि तोंडातून आलं, "उ होता."

"प्रुफात?"

"प्रुफातही उ होता. मी तपासलंय."

मग मालक खिळेबुवांकडे वळले. छपाई चालू असताना कधी कधी रुळाला चिकटून एखादा खिळा उडतो, मग यंत्र थांबवून घाईघाईनं तिथं दुसरा बसवतात. असं काही झालं होतं का? "त्या पानात एक उडाला होता खरा," खिळेबुवा म्हणाले. "कुठला ते आठवत नाही. मीच बसवला." उ आणि ड, दिसायला सख्खे भाऊ. घाईत हात चुकणं सहज शक्य होतं. मालकांनी हस्तलिखित मागितलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

खिळेबुवांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. त्यांनी माझी माफी मागितली. त्यांची मुलगी गेली होती, आणि माझं पुस्तक बिघडवलं म्हणून ते माझी माफी मागत होते. मी काय केलं असेल? "असू द्या," म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत मी त्या जागी उ केला आणि प्रस्तावनेत लिहिलं, 'काही किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.' किरकोळ. हा शब्द मी स्वतः शोधून घातला. तुमच्याकडे ती आवृत्ती असेल, बघा.

हस्तलिखिताचं ते पान मी जाळलं नाही. दाखवण्याची हिंमत नव्हती आणि जाळण्याचीही नव्हती. कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवून दिलं. वर्षातून एकदोनदा काढून बघायचो. दोन रेघांवर उभा असलेला तो ड, वरची शेंडी ठसठशीत, कुठेही शंकेला जागा नाही.

अकरा वर्षं गेली. मागच्या वर्षी पाऊस सरल्यावर एका सकाळी दार वाजलं. खिळेबुवा होते. केवढेसे झाले होते. पँट मोज्यांत खोचलेली, पाठीला पिशवी. म्हणाले, "साहेब, डोळ्यांत आता फार दिवस उजेड राहणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. ती जागा एकदा बघायचीय. तुमच्याखेरीज वाट कुणाला माहीत आहे? पाऊल न पाऊल तुम्हीच चाललात ना."

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? परवाची सकाळ ठरली. निघताना मी कपाट उघडलं आणि ते पान खिशात घातलं. ठरवलं, तिथंच सांगायचं. त्या दगडापाशी उभं राहून सांगायचं, मग त्यांनी मला कड्यावरून ढकललं तरी चालेल. घालण्याआधी पान उघडून पाहिलं. ड होता. हेही लिहून घ्या, मी निघताना पाहिलं आणि ड होता.

बाईकवर मागे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. वजन असं नव्हतंच. घाटातली वळणं आली की खांद्यावरची बोटं थोडी आवळायची, तेवढ्यावरून माणूस मागे आहे हे कळायचं. डांबर संपतं तिथं बाईक लावली. थर्मासमधला चहा दोघांनी एकाच झाकणातून प्यायला. दिवस लख्ख होता, दरीतल्या पायवाटा मोजता याव्यात इतका. ते म्हणाले, "ती डाव्या-उजव्यात चुकणारी नव्हती हो. दिवसभर तेच काम. एक्स-रे काढताना फोटोच्या कोपऱ्यात शिशाचं अक्षर ठेवायची, डावा की उजवा. म्हणायची, बाबा, तुमचंही शिसं आणि माझंही शिसं. अक्षर चुकलं तर भलताच पाय कापतील." मग म्हणाले, "आणि अक्षर माझंच चुकलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी झाकण पुसलं आणि थर्मासला लावलं.

माथ्यावर पोचायला दुपारचे दोन वाजले. ते दर वीस पावलांवर थांबत होते, पण तक्रार नाही. माथ्यावरून पलीकडे बघितलं. आमच्या बाजूला ऊन होतं आणि पलीकडचा सगळा उतार धुक्यानं भरला होता. वारा नव्हता, तरी ते खालून वर सरकत होतं.

"थांबू या का थोडं?" मी म्हणालो.

"मला तसंही धूसरच दिसतं," ते म्हणाले. "चला."

मी पुढे, ते मागे, त्यांचा हात परत माझ्या खांद्यावर. दहा पावलांपुढचं दिसेना. ओल्या गवताचा वास होता, आणि त्यात मिसळून आणखी एक वास येत होता. बराच वेळ तो ओळखता येईना. मग ओळखला. सायकलच्या साखळीच्या तेलाचा होता. मी मनाला समजावलं, की माझ्याच हाताला बाईकचं वंगण लागलं असेल. हात हुंगून पाहिले. हाताला फक्त चहाचा वास होता.

फुटका दगड एकदम समोर आला. खिळेबुवांनी पिशवी काढली आणि आतून कागदात गुंडाळलेला एक खिळा काढला. छापखाना सोडताना ड च्या खणातून उचललेला. "तो नव्हे, पण त्याच्याच खणातला," म्हणाले. दगडाच्या चिरेत तो बसवण्यासाठी ते वाकले. त्या वेळी त्यांची पाठ माझ्याकडे होती.

तेव्हा ऐकू आलं.

कट... कट... कट... कट.

मागून येत होतं. आम्ही आलो त्याच वाटेनं, माथ्याकडून खाली, सायकल ढकलत सावकाश यावी तसं. मी वळलो. धुक्याशिवाय काही नव्हतं. आवाज माझ्यापासून हातभर अंतरावर आला आणि थांबला. तेलाचा वास एकदम दाट झाला.

आणि अगदी हळू, विश्वासानं विचारावं तसं कुणीतरी विचारलं, "काका... इथं ड ना?"

मला काय करायचं होतं, सांगा. एक अक्षर उच्चारायचं होतं. उ. साधं तोंड उघडून उ म्हणायचं. तो भास असेल, वारा असेल, माझं डोकं फिरलं असेल, काहीही असेल, पण ते एक अक्षर बोलायला काय जात होतं? पण मी उ म्हटलं असतं तर खिळेबुवांनी मान वर करून विचारलं असतं, कुणाशी बोलताय? काय उ? मग सगळं सांगावं लागलं असतं. सांगायलाच तर आलो होतो. खिशात पान होतं. तरी जीभ टाळ्याला चिकटून राहिली. भीतीनं नव्हे हो. भीती वाटत होती, पण गप्प बसलो तो भीतीनं नाही. त्या खोलीत ज्या कारणानं खोटं बोललो होतो, त्याच कारणानं गप्प बसलो. अजूनही मला चांगला माणूस म्हणवून घ्यायचं होतं.

ती थांबली होती. मला वाटतं बराच वेळ थांबली असेल.

मग कट कट सुरू झालं. माझ्या शेजारून गेलं आणि डावीकडे वळलं. गवतावर गेल्यावर पावलं थांबली आणि कटकट एकदम जलद झाली, सायकलवर बसल्यासारखी. जलद, आणखी जलद... आणि मग नुसतं चाक. जमिनीला न टेकलेलं, हवेत फिरत असलेलं चाक, कटकटकटकट... हळूहळू मंदावत... कट... कट... बराच वेळ काही नाही... कट.

खिळेबुवा सरळ झाले होते. डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत होते. "काहीतरी वाजलं का हो?" त्यांनी विचारलं. "मला... कानांना नीट लागत नाही. पण काहीतरी वाजलं."

"वारा असेल," मी म्हणालो.

पानसुद्धा हलत नव्हतं तिथं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि परत त्या खिळ्याकडे वळले, आणि तिथं माझा बांध फुटला. एवढ्याशा आवाजासाठी ज्या माणसानं सायकल दुरुस्त करू दिली नव्हती, त्याच्याकडून मी तोही काढून घेतला होता. मी ओल्या गवतात मटकन खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. उलटी खिंड, मेहुणा, खुर्ची, बल्ब, मालकांची खोली. "खिळा तुमचा नाही चुकला," मी म्हणालो. "माझ्या कागदावरच ड होता. तुम्ही जसं होतं तसं जुळवलंत. पोरगी माझ्यामुळे गेली." मोठ्यानं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, दोनदा सांगितलं. खिशातून पान काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा पुसला. पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं आणि प्रत्येक अक्षराखालून बोट सरकवत गेले, जुळवताना जायचे तसे. बोट एका जागी थांबलं. मी वाट बघत राहिलो. मला मारतील, थुंकतील, रडतील, काहीतरी करतील.

ते हसले. इतक्या मायेनं माझ्याकडे कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

"उ आहे की हो," ते म्हणाले.

मी पान हिसकावून घेतलं. फुटक्या दगडापाशी उ. माझंच अक्षर होतं, माझी निळी शाई, अकरा वर्षं जुनी, कागदात मुरलेली. खाली माझ्याच दोन रेघा. खाडाखोड नाही, डाग नाही. मालकांच्या खोलीत मी जे बोललो होतो, तेच कागदावर होतं.

"सकाळी ड होता," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो, सकाळी ड होता."

"तुमचा उ मी झोपेतसुद्धा ओळखीन," ते म्हणाले. "शेपूट लांब काढता तुम्ही." माझ्या खांद्यावर हात ठेवून ते वाकले. "साहेब, माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला एवढ्या लांब आलात. कोण करतं असं? पण माझी चूक मला कळते. राहू द्या."

पान त्यांनी घडी करून माझ्या खिशात परत ठेवलं. मग मला हाताला धरून उठवलं. उतरताना रडत मी होतो आणि सावरत ते होते.

चार महिन्यांनी ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज जायचो. रोज सांगायचो. त्यांना दिसत नव्हतं, तेव्हा हात हातात घेऊन सांगायचो. शेजारचे म्हणायचे, किती जीव आहे बघा यांचा म्हाताऱ्यावर. शेवटी एकदा त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "किती दिवस समजूत काढाल माझी? खिळा माझ्या हातनं चुकला. तुम्ही देवमाणूस आहात." त्यानंतर बोलले नाहीत. मला देवमाणूस म्हणून गेले.

त्यानंतर मी लिहायला बसलो. निदान तिसऱ्या आवृत्तीत खरं छापून यावं, त्यांचं नाव धुऊन निघावं. पहिल्या खेपेला तीन पानं लिहिली. सकाळी वाचली, तर सगळं जागच्या जागी होतं, खुर्ची, बल्ब, सगळं. फक्त जिथं 'माझ्या कागदावर ड होता' असं लिहिलं होतं, तिथं उ होता. दुसऱ्यांदा 'डावा' असा पूर्ण शब्द लिहिला. सकाळी 'उजवा' होता. अक्षर माझंच. मी तेरा वेळा लिहिलं. ती तेरा पानं त्या कपाटात आहेत, हवी तर दाखवतो. ती वाचून कुणालाही वाटेल, की चांगला माणूस आहे, कंपोझिटरच्या चुकीबद्दल उगीच जिवाला लावून घेतोय.

म्हणून तुम्ही आलात तसं तुम्हाला लिहायला बसवलं. माझ्या हातून उतरत नाही हे मला कळलंय, ते मी मान्य केलंय. पण तुमचा हात वेगळा आहे. तुम्ही ना कधी त्या खोलीत होतात, ना त्या दगडापाशी. तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत, एवढंच. त्यात माझं काही नाही.

मघाशी एक वाक्य लिहून घ्यायला सांगितलं होतं, ते वाचा बरं. माझ्या कागदावर...

परत वाचा.

दिव्याजवळ धरा, थरथरतोय उजेड. नीट बघून वाचा.

मी ड म्हणालो होतो ना? तुम्ही ऐकलंत ना, ड? मग उ का लिहिलंत?

नाही, खोडू नका. मी खोडून पाहिलंय.